चष्मा जातो, लांबलेला डोळा तसाच राहतो

वाचकांचे प्रश्न : डोळ्यांचं आरोग्य
या अंकात उत्तरं देत आहेत बडोद्याच्या एक ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञ.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझी मुलगी २३ वर्षांची आहे, एम.एस. युनिव्हर्सिटीत एम.कॉम. करते. उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेनऊ, डाव्याचा उणे दहा. गेली दोन वर्षं नंबर बदललेला नाही. तिच्यासाठी स्थळं बघतोय, म्हणून लेसरने नंबर काढायला गेलो होतो. कॉर्निया पातळ आहे, ४७८ मायक्रॉन, लेसर करता येणार नाही, डोळ्यात भिंग बसवा, असं तिथे सांगितलं. परदेशी भिंग महाग पडतं, भारतीय भिंग बरंच स्वस्त आहे म्हणाले. सासूबाईंचा ठाम विरोध आहे. त्या म्हणतात, डोळ्यात कुसळ गेलं तर जीव नकोसा होतो आणि तुम्ही पोरीच्या चांगल्या डोळ्यात आख्खं भिंग घालायला निघालात! (त्यांचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे.) भिंगामुळे मुलीला लवकर मोतीबिंदू होईल का? डिसेंबरात ऑपरेशन केलं तर उत्तरायणला गच्चीवर जाऊ द्यावं का? – एक आई, दांडिया बाजार

उत्तर : तुम्हाला लेसर नाही म्हणून सांगणाऱ्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. हिशोब करून दाखवते. लेसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, साधारण ११० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा उचलतात. ४७८ मधून ते गेले की उरले ३६८. एक नंबर उतरवायला अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन थर घासावा लागतो. दहा नंबरसाठी १२० ते १५० धरा. खाली उरतात २१८ ते २४८. निदान २५० तरी शिल्लक राहायलाच हवेत, आणि बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला तयार नसतात. फार पातळ केलेला कॉर्निया पुढे काही वर्षांनी आतल्या दाबाने फुगत जाऊ शकतो, आणि तसा फुगला की चष्म्यानेही नीट दिसत नाही. तेव्हा दुसरीकडे कुठे "करून देतो" म्हणाले तरी जाऊ नका.

भिंगाच्या ऑपरेशनमध्ये कॉर्निया घासत नाहीत. कडेला साधारण तीन मिलिमीटरचा छेद घेतात, घडी केलेलं मऊ भिंग पिचकारीसारख्या नळीतून आत सोडतात, ते आत उलगडतं, आणि त्याचे चार पाय बाहुलीच्या पडद्याखाली, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाखाली, सरकवतात. बहुतेक वेळा नुसते थेंब टाकून डोळा बधिर करतात. टाका लागत नाही. तुमच्या मुलीचं स्वतःचं भिंग जागच्या जागी राहतं. नवं भिंग त्याच्या पुढे बसतं.

आता आजींचं म्हणणं. ते मनावर घेण्यासारखं आहे, कारण कुसळ खुपतं हे खरंच. कॉर्नियाच्या पृष्ठभागावर संवेदनेच्या नसांचं दाट जाळं असतं, म्हणून धुळीचा कणसुद्धा सहन होत नाही. पण डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे, नसांचं तसं दाट जाळं नाही. आजींना त्यांचं भिंग कधी जाणवतं का, विचारून बघा. आणि परकी वस्तू डोळा मुकाट्याने ठेवून घेतो हे माणसाला कळलं ते युद्धात. १९४० साली लंडनच्या हॅरल्ड रिडली या सर्जनसमोर जखमी वैमानिक आले. विमानाचं पर्स्पेक्सचं, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकचं, छत फुटून त्याच्या कपच्या डोळ्यांत घुसलेल्या होत्या. काही कपच्या आतच राहिल्या, तरी डोळा लालही झाला नाही. त्यावरून रिडलींनी त्याच प्लॅस्टिकचं भिंग करवून घेतलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये एका मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. समव्यवसायिकांनी वर्षानुवर्षं त्यांना वेड्यात काढलं. सरकारी सन्मान मिळाला तो थेट २००० साली. आजींच्या डोळ्यात आहे ते याच भिंगाचं पुढचं रूप, हे त्यांना नक्की सांगा.

मात्र आजींचं भिंग आणि नातीचं भिंग यात फरक आहे, आणि तो मला तुमच्या मनावर ठसवायचा आहे. आजींचं गढूळ झालेलं भिंग काढून तिथे नवं बसवलं, जागा मोकळी होती. नातीच्या डोळ्यात आतलं सगळं शाबूत आहे आणि त्यात आणखी एक वस्तू मावायची आहे. सगळा खेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. इटलीच्या स्त्राम्पेल्ली यांनी १९५३ साली जास्त नंबरच्या माणसांच्या डोळ्यात पुढच्या बाजूला भिंग बसवून पाहिलं. नंबर गेला. पण कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशी मरत गेल्या आणि त्यातली कितीतरी भिंगं पुढे काढावी लागली. त्या पेशी एकदा गेल्या की नव्या येत नाहीत. १९८६ मध्ये मॉस्कोच्या फ्योदोरोव्ह यांनी भिंग मागच्या बाजूला, बाहुलीच्या पडद्याआड ठेवायचा मार्ग काढला. आजची आयसीएल, म्हणजे तुम्हाला सांगितलेलं परदेशी भिंग, त्याच वाटेने आली. ती १९९३ पासून माणसांना बसवली जाते, आणि अमेरिकेत तिला २००५ साली मान्यता मिळाली.

म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एक काम करा. रिपोर्टची फाइल हातात घ्या आणि त्यात काय काय आहे ते बघा. बाहुलीच्या पुढची जागा किती खोल आहे? आयसीएलसाठी साधारण तीन मिलिमीटर तरी लागते. कॉर्नियाच्या आतल्या पेशी मोजल्यात का? या वयात दर चौरस मिलिमीटरला अडीच हजाराच्या आसपास किंवा जास्त असाव्यात. बुबुळाची आडवी रुंदी मोजली का, आणि एकाच यंत्रावर की दोन? भिंगाचं माप त्यावरून ठरतं, त्यामुळे मी तरी एकाच आकड्यावर भरवसा ठेवत नाही. अंधारात बाहुली किती मोठी होते? आणि थेंब टाकून, बाहुली मोठी करून, मागचा पडदा, म्हणजे रेटिना, कडेपर्यंत तपासला का? ही शेवटची तपासणी झाली नसेल तर बाकीची फाइल कितीही जाड असो, तारीख घेऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर मोजमापाच्या आधी काही दिवस ती बंद हवी. मऊ लेन्स असेल तर आठवडा-दोन आठवडे, कडक असेल तर त्याहून जास्त. मुली लेन्स काढून तशाच तपासणीला येतात, आणि मग आकडे फसवतात.

मोतीबिंदूचा प्रश्न याच मापाशी जोडलेला आहे. नवं भिंग आणि मूळ भिंग यांच्यामध्ये साधारण पाव ते पाऊण मिलिमीटर अंतर राहायला हवं. भिंग आखूड पडलं तर ते खाली टेकतं आणि मूळ भिंग गढुळायला लागतं. मोठं पडलं तर बाहुलीचा पडदा पुढे ढकलला जातो, पाण्याचा निचरा अडतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. पूर्वी पाण्याला वाट म्हणून बाहुलीच्या पडद्याला लेसरने भोकं पाडावी लागत. आता भिंगाच्या मधोमध ०.३६ मिलिमीटरचं भोक असतं. ते आल्यापासून मोतीबिंदूची भीती बरीच उतरली. माप बरोबर बसलं तर "लवकर मोतीबिंदू" हे कारण धरून नाही म्हणायची गरज नाही. आणि माप चुकलंच तर भिंग बदलता येतं, काढताही येतं. लेसरने घासलेला कॉर्निया परत आणता येत नाही.

स्वस्त-महाग. भारतीय म्हणून जे भिंग सांगितलं जातं ते बहुधा आयपीसीएल, आपल्या बडोद्याच्याच केअर ग्रुपचं. परदेशी आयसीएल कोलॅमर नावाच्या, कोलॅजन मिसळलेल्या पदार्थाची असते, हे अॅक्रिलिकचं. आयसीएलच्या पाठीशी तीस वर्षांचा अनुभव आहे, याच्या पाठीशी त्या मानाने कमी वर्षांचा. पण देशातले अनेक चांगले सर्जन ते बसवतात, आणि पैशांसाठी मुलीने तसंच राहावं असं मी म्हणणार नाही. कंपनी कोणती, यापेक्षा तुमचे सर्जन कोणतं भिंग नेहमी बसवतात आणि कोणत्या भिंगाचं माप काढायचा त्यांचा हात बसलेला आहे, हे विचारा. खर्चाबाबत आणखी एक. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत साडेसातपेक्षा कमी नंबर असेल तर ऑपरेशनचा खर्च वगळलेला असतो. तुमच्या मुलीचे दोन्ही डोळे त्या रेषेच्या पलीकडे आहेत. पॉलिसी काढून वाचा, प्रतीक्षा काळ बघा, आणि ऑपरेशनच्या आधी कंपनीकडून लेखी घ्या. हे कोणी आपण होऊन सांगत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी घरी जायची घाई करू नका. दोन-तीन तासांनी डोळ्याचा दाब तपासूनच सोडायला हवं. त्या संध्याकाळी डोकं दुखलं, मळमळलं, उलटी झाली तर पित्त समजून घरगुती उपाय करत बसू नका. तो डोळ्याचा दाब असू शकतो. तेव्हाच फोन करा, रात्र असली तरी. पहिले काही महिने रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. नवरात्र झाली की गरब्याच्या मैदानातले मोठे दिवे त्रास देतात अशी तक्रार घेऊन मुलं येतात. बहुतेकांना सवय होते. एक्सप्रेस हायवेवर रात्री गाडी चालवणाऱ्याला मात्र हे आधीच माहीत असावं.

डिसेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं आणि तपासणीत सगळं ठीक असलं तर १४ जानेवारीला गच्चीवर जायला हरकत नाही, पण साधा प्लॅस्टिकचा गॉगल लावूनच. मांजा आणि पतंगाची काडी डोळ्यात गेलेली माणसं दर उत्तरायणला बघावी लागतात, आणि जोराचा मुका मार बसला तर आतलं भिंगही सरकू शकतं. डोळा चोळायची सवय असेल तर ती आत्ताच सोडवा. डिसेंबर संपता संपता ऑपरेशन ठरत असेल तर या वर्षी पतंग घरातूनच बघू द्या.

आता मागच्या पडद्याबद्दल. दहा नंबरचा डोळा लांबलेला असतो. साधारण डोळा २३-२४ मिलिमीटर, हा २७ च्या घरात. त्या लांबीमुळे पडदा ताणला जातो, कडेला पातळ होतो, कधी भोक पडतं, कधी सुटतो. भिंग बसवल्यावर चष्मा जातो, लांबी जात नाही. बाविशीत नंबर काढला, चष्मा नाही म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं कारण उरलं नाही, आणि पस्तिशीत पडदा सुटल्यावर पहिल्यांदा परत आली, अशी माणसं आम्ही बघतो. तेव्हा वर्षातून एकदा पडदा, दाब आणि पेशींची मोजणी, हे आयुष्यभर. एकाएकी ठिपक्यांचा पाऊस दिसला, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा कोपऱ्यातून काळा पडदा चढायला लागला, तर त्याच दिवशी जायचं. भिंगाचं कार्ड आणि ऑपरेशनआधीची मोजमापं दागिन्यांच्या कपाटात ठेवा. साठीला मोतीबिंदू आला की पुढच्या डॉक्टरला ती लागतील.

आणि लग्न. तुमच्या पत्रात सासूबाईंचं मत आहे, तुमचं आहे, डॉक्टरांचं आहे. मुलीचं नाही. २३ वर्षांच्या मुलीने स्वतः डॉक्टरसमोर बसून प्रश्न विचारावेत आणि स्वतः सही करावी. मी असते तर तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून तिच्याशी एकटीशी बोलले असते. तिला चष्म्याचा कंटाळा आला असेल, लेन्स सोसत नसेल, तर ऑपरेशन उत्तम आहे. नुसत्या स्थळांसाठी असेल तर थांबा. आणि समोरच्या घरापासून हे लपवू नका. नंबरची ओढ मुलांमध्ये येऊ शकते, दरवर्षी तपासणी लागणार आहे, बाळंतपणाच्या डॉक्टरलाही सांगावं लागेल. ज्या घरात हे मोकळेपणाने सांगता येत नाही, त्या घरात मुलगी देण्याआधी मी दहादा विचार करेन.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, वाघोडिया रोडवर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. मला केराटोकोनस आहे असं निदान झालंय. वर्षभरात डाव्या डोळ्याचा सिलिंडर नंबर खूप वाढला. कॉर्नियात रिंग टाकायला सांगितलंय. रिंग टाकली की चष्मा जाईल ना? – विद्यार्थी, वाघोडिया रोड

उत्तर : नाही जाणार, आणि तसं कोणी सांगितलं असेल तर ते चुकीचं आहे. तुझा कॉर्निया मधे पातळ होऊन पुढे शंकूसारखा येतोय. रिंग म्हणजे प्लॅस्टिकचे अर्धगोल तुकडे. लेसरने कॉर्नियाच्या जाडीत खोलवर बोगदा करून ते सरकवतात. त्यांच्या ताणाने शंकू थोडा सपाट होतो, आकार सुधारतो, चष्म्याने किंवा लेन्सने आधीपेक्षा चांगलं दिसतं. तुकडे काढताही येतात. चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी प्लॅस्टिकऐवजी दान मिळालेल्या कॉर्नियाचा तुकडा वापरायची पद्धत आणली, तिचाही आता वापर होतो.

पण तुझ्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य वेगळंच आहे : वर्षभरात नंबर खूप वाढला. म्हणजे रोग पुढे सरकतोय, आणि तो थांबवणं हे पहिलं काम. रिंगने तो थांबत नाही. त्यासाठी क्रॉस-लिंकिंग करतात. रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब कॉर्नियात मुरवून त्यावर अतिनील किरण सोडतात, त्याने धागे एकमेकांना घट्ट धरतात. ही पद्धत जर्मनीत ड्रेस्डेनला विकसित झाली. नेहमीच्या पद्धतीत कॉर्निया निदान ४०० मायक्रॉन जाड लागतो. तो रोज थोडा थोडा पातळ होत असेल तर सेमिस्टर संपायची वाट बघत बसू नकोस. डॉक्टरांना सरळ विचार : क्रॉस-लिंकिंग आधी, नंतर की रिंगबरोबरच? तिन्ही प्रकारे करतात, यंत्राने तुझ्या कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढतात, त्यावरून ठरेल. लेसिकचं नावही काढू नकोस. रिंगनंतरही नीट दिसलं नाही तर स्क्लेरल लेन्स लावून बघ. ती कॉर्नियाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते, आणि पुष्कळ मुलांना तिने फळ्यावरचं स्वच्छ दिसायला लागतं.

डोळे चोळतोस का? हा प्रश्न मी प्रत्येक केराटोकोनसच्या मुलाला विचारते, आणि उत्तर बहुधा त्याच्या आईकडून येतं. उन्हाळ्याची धूळ, अॅलर्जी, खाज, मग मुठीने दाबून चोळणं. अॅलर्जीचे थेंब घे, गार पाण्याची पट्टी ठेव, पण चोळू नकोस. आणि धाकटं भावंड असेल तर त्याच्या कॉर्नियाचा नकाशा एकदा काढून घ्या.

प्रश्न : वय ५२, बँकेत नोकरी. लांबचं छान दिसतं, पण वाचायला चष्मा लागतो. कॉर्नियात छोटी चकती बसवून वाचायचा चष्मा जातो असं अमेरिकेतल्या भाच्याने सांगितलं. इथे होईल का? – कारेलीबाग

उत्तर : भाचा सांगतो ते खरं आहे, पण गोष्ट पुढे कुठे गेली तेही ऐका. अशा दोन चकत्या अमेरिकेत मान्य झाल्या होत्या. कामरा, २०१५ साली : ३.८ मिलिमीटरची काळी चकती, मधे १.६ मिलिमीटरचं भोक. बारीक भोकातून जवळचं स्पष्ट दिसतं, हे तत्त्व. जाड कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून वर्तमानपत्र वाचून बघा, लगेच कळेल. दुसरी रेनड्रॉप, २०१६ साली : पाण्यासारख्या पारदर्शक जेलचा दोन मिलिमीटरचा ठिपका. तो बसवलेल्या अनेकांच्या कॉर्नियात पुढे धुरकटपणा आला, कंपनी बंद पडली, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो बसवू नका असं जाहीर केलं. दोन वर्षांत मान्यतेपासून तिथपर्यंत. चाळिशीच्या चष्म्यासाठी निरोगी कॉर्नियात काही बसवा असं मी कोणालाच सांगत नाही. तुमचं मूळ भिंग आता कडक होत चाललंय, ते काही वर्षांनी गढूळही होईल, आणि तेव्हा मोतीबिंदूबरोबर जवळ-लांबचं दोन्ही साधणारं भिंग निवडता येईल. तोपर्यंत काउंटरवर एक आणि घरी एक असे दोन चष्मे ठेवा.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं भिंग बसवलं. आता पुन्हा धुरकट दिसतं. भिंग खराब झालं का? आणि गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय, भिंग असताना चालेल? – एक आजोबा, रावपुरा

उत्तर : आजोबा, एमआरआय निर्धास्तपणे करा, तुमच्या भिंगात लोखंड नाही. फक्त तिथल्या माणसाला भिंग आहे एवढं सांगा. धुरकटपणा बहुधा भिंगाचा नाही, ते ज्या पिशवीत बसवलंय तिच्या मागच्या पापुद्र्याचा असतो. याग लेसरने त्याला मधे खिडकी पाडतात. खुर्चीवर बसून, काही मिनिटांत, कापाकापी न करता. पण ते ठरवण्याआधी डोळ्याचा दाब आणि मागचा पडदा तपासून घ्या, विशेषतः मधुमेह असेल तर. धुरकटपणा पडद्याच्या सुजेचा असला तर लेसरने काहीच सुधारणार नाही.

वाचकहो, पत्रात वय, दोन्ही डोळ्यांचे नंबर आणि मधुमेह-रक्तदाब आहे-नाही एवढं जरूर लिहा. कॉर्नियाचा नकाशा काढला असेल तर त्याची झेरॉक्स सोबत जोडा.